पॉलिसी तीच ठेवून एजंट बदलायचा आहे, कुणी केलंय का?

भिंगरी
नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज विचारतेच. आमच्या घरात तीन पॉलिसी आहेत. एक माझी आयुर्विम्याची, चौदा वर्षं झालेली. एक आम्हा चौघांची आरोग्य विम्याची आणि एक घराच्या विम्याची. तिन्ही एकाच एजंटकडून घेतल्या. एजंट म्हणजे बाबांचे जुने स्नेही, मी त्यांना काकाच म्हणते. माणूस अतिशय सज्जन. बाबा गेले तेव्हा त्यांच्या विम्याचे पैसे आईच्या खात्यात जमा होईपर्यंत काका दर दोन दिवसांनी येऊन बसायचे. आईला अक्षर नीट दिसत नसे, म्हणून सही करायच्या प्रत्येक जागी पेन्सिलने बारीकशी फुली मारून कागद आणायचे. ते मी कधी विसरणार नाही.

पण गेली दोन वर्षं त्यांना झेपत नाही हे जाणवतंय. फोन उचलत नाहीत. उचलला तर "बघतो गं" म्हणतात आणि ते राहून जातं. यंदा आरोग्य विम्याचं रिन्यूअल अगदी शेवटच्या दिवशी माझ्या लक्षात आलं, तेही कपाट आवरताना जुनी पावती हाती लागली म्हणून. कंपनीकडून मला ना मेसेज, ना मेल. पोटात गोळाच आला.

एका मैत्रिणीने तिच्या एजंटचं नाव सुचवलंय. पॉलिसी न मोडता एजंट बदलता येतो का? वेटिंग पिरियड (काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ), बोनस वगैरे पुन्हा पहिल्यापासून मोजतात का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: काकांना सांगायचं कसं?

वाटसरू
येतो बदलता. मी बदललाय. पॉलिसी नंबर तोच, हप्ता तोच, तारीख तीच. घाबरू नका.

तळटीप
भिंगरीताई, मी विमा कंपनीच्या कचेरीत बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ग्राहक सेवेच्या खिडकीवर. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. करार तुमचा आणि कंपनीचा आहे, एजंट त्या करारात पक्षकार नसतो. पॉलिसीच्या कागदावर त्याचं नाव आणि कोड असतो तो सेवा कोण देणार आणि कमिशन कुणाला जाणार हे कळावं म्हणून. ती नोंद बदलली तरी विम्याची रक्कम, अटी, वारसाची नोंद, वेटिंग पिरियडचे संपलेले महिने, क्लेम न केल्याचा बोनस, यातलं काहीच हलत नाही. हप्ताही एजंट बदलला म्हणून वाढत नाही.

आता तुमच्या तीन पॉलिसी. तिन्हींचं गणित वेगळं आहे.

आरोग्य आणि घर, दोन्हींचं साधारणपणे दर वर्षी नूतनीकरण होतं. चालू वर्षाचं कमिशन जुन्या एजंटला आधीच गेलेलं असतं, म्हणून बऱ्याच कंपन्या वर्षाच्या अधेमधे एजंट बदलायला तयार नसतात, किंवा बदलला तरी त्याचा अंमल पुढच्या रिन्यूअलपासून धरतात. अर्ज रिन्यूअलच्या दीड-दोन महिने आधी द्यावा, म्हणजे नोटीस निघायच्या आत नोंद बदललेली असते.

आयुर्विम्यात पॉलिसी विकणारा एजंट आणि पुढे सेवा देणारा एजंट वेगळा असू शकतो. पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन बहुतेक वेळा विकणाऱ्याकडेच राहतं. एजंटने काम सोडलं किंवा तो वारला तर ती पॉलिसी अनाथ समजतात आणि कंपनी दुसऱ्याकडे सोपवते. पण जुना एजंट कामावर असेल तर काही कंपन्या नाव बदलत नाहीत, "शाखेतून सेवा घ्या" एवढंच सांगतात. म्हणून आधी कंपनीला विचारा, मग नव्या माणसाला शब्द द्या.

पद्धत सोपी आहे. कंपनीच्या नावे पत्र द्यायचं. त्यात पॉलिसी नंबर, नव्या एजंटचं नाव आणि कोड, कधीपासून बदल हवा ती तारीख आणि विमाधारकाची सही. एजंटची नाही, विमाधारकाची. पोच घ्या. बदल झाल्याचं उत्तर कंपनीकडून लेखी येईपर्यंत काम झालं असं धरू नका. काही ठिकाणी अर्ज आल्यावर जुन्या एजंटला कळवतात आणि थोडे दिवस थांबतात, पाच ते दहा कामाचे दिवस वगैरे, म्हणजे त्याला तुमच्याशी बोलता यावं. त्या दिवसांत तुम्ही मन बदलून नवं पत्र दिलंत तर पहिलं रद्द होतं. तेव्हा काकांना ही बातमी कंपनीकडून कळू देऊ नका. आधी तुम्ही सांगा.

अनुजा_क
तळटीपदादा, शेवटच्या दोन ओळींसाठी तुम्हाला मनापासून धन्यवाद.

रानपाखरू
तळटीप यांच्या प्रतिसादात एक भर घालते. भिंगरी, तुला मेसेज का आला नाही हे आधी शोध. माझ्या बाबतीत काय झालं होतं सांगते. सहा वर्षं मला कंपनीकडून एक अक्षर आलं नाही. मला वाटायचं कंपनीच निष्काळजी. एकदा ग्राहक सेवेला फोन केला, तर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर सगळं पाठवलंय." कुठला नंबर विचारला तर शेवटचे चार आकडे माझे नव्हतेच. एजंटने फॉर्म भरताना स्वतःचा नंबर टाकला होता आणि मेलही स्वतःचाच. म्हणजे माझी पॉलिसी माझ्या नावावर, पण तिची सगळी बोलणी दुसऱ्याशी.

एजंट बदल किंवा बदलू नकोस, पण आजच्या आज हे तपास.

भिंगरी
रानपाखरू, आत्ताच फोन ठेवला. आरोग्य आणि आयुर्विमा, दोन्हीकडे काकांचाच नंबर आहे. घराच्या विम्यात आमचा जुना, केव्हाच बंद झालेला लँडलाइन.

काकांनी हे कपटाने केलेलं नाही. चौदा वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, "काका, तुम्हीच बघा, मला यातलं काही कळत नाही." त्यांनी ते शब्दशः पाळलं. पण आता अंगावर काटा आला. काकांचा फोन बंद पडला असता तर आमचा विमा गुपचूप संपला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

कोरा_कागद
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मुळात एजंट हवाच कशाला? हप्ता ऑनलाइन भरता येतो, पत्ता ऑनलाइन बदलता येतो, क्लेमचा फॉर्म कंपनीच्या साइटवर असतो. भिंगरीताईंनी नंबर बदलून घ्यावा, हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करावी आणि एजंटचा रकाना आहे तसा राहू द्यावा. काकांनाही वाईट वाटणार नाही. मी आठ वर्षं असंच करतोय, काही अडलं नाही.

अनुजा_क
कोरा_कागद, या आठ वर्षांत क्लेम किती केलेत?

कोरा_कागद
एकही नाही, देवाची कृपा.

अनुजा_क
ती कृपा तुमच्यावर तशीच राहो, मनापासून म्हणते. पण माझा अनुभव ऐका. मागच्या वर्षी सासऱ्यांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं. मंजुरीसाठी कंपनीने एक कागद मागितला: आजार किती वर्षांपासून आहे याचा डॉक्टरांचा दाखला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी घाईत अंदाजाने "दहा वर्षं" लिहिलं. पॉलिसी सात वर्षांची, म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा ठरला. झालं, मंजुरी अडकली. नवरा सासऱ्यांजवळ, मी पैसे भरायच्या रांगेत, डोकं बधिर. आमच्या एजंटबाई पहाटे पाच वाजता आल्या, जुन्या तपासण्यांची फाइल मागितली, त्यातला पहिला रिपोर्ट शोधला. निदान झालं होतं पॉलिसीनंतर दोन वर्षांनी. तो डॉक्टरांना दाखवला, दाखला दुरुस्त करून घेतला, पुन्हा पाठवला. दुपारपर्यंत मंजुरी.

क्लेम मंजूर करणं एजंटच्या हातात नसतं, हे मलाही ठाऊक आहे. ते कंपनीच ठरवते. पण कुठला कागद कुठे अडलाय हे त्या रात्री मला कळलं नसतं. साइटवर सगळं असतं, पण आपण त्या वेळी साइट वाचायच्या अवस्थेत नसतो.

कोरा_कागद
हे पटलं. दाखल्यातल्या वर्षांचा मुद्दा मला माहीतच नव्हता. आईचे सगळे जुने रिपोर्ट आज तारखेप्रमाणे लावून ठेवतो.

दीपस्तंभ
भिंगरीताई, एजंट बदलण्यात धोका नाही हे वर सगळ्यांनी सांगितलंय आणि ते खरं आहे. धोका पुढच्या पायरीवर असतो. माझं जे झालं ते कुणाचं होऊ नये म्हणून लिहितो.

माझी अकरा वर्षांची आयुर्विमा पॉलिसी होती. एजंटने काम सोडलं, म्हणून ओळखीतून दुसरा धरला. बोलायला गोड, हुशार, वेळेवर येणारा. पहिल्या भेटीत फाइल चाळली आणि म्हणाला, "सर, ही जुन्या पद्धतीची पॉलिसी आहे, यात काही राम नाही. ही सरेंडर करा, त्याच पैशात मी दुप्पट संरक्षणाची देतो." तक्ता दाखवला. मला पटलं. जुनी बंद केली.

नंतर एकेक गोष्ट कळत गेली. सरेंडरची रक्कम भरलेल्या हप्त्यांपेक्षा कमी आली. नवा हप्ता माझ्या आताच्या वयाने ठरला, आणि मधल्या काळात मला मधुमेह झाल्यामुळे त्यावर जादा आकार लागला. वर, कंपनीला मूळ अर्जातल्या माहितीवर बोट ठेवून दावा नाकारता येतो ती सुरुवातीची मुदत, जी बऱ्याच देशांत दोन किंवा तीन वर्षांची असते, ती माझ्यासाठी नव्याने सुरू झाली. जुन्या पॉलिसीत मी ती केव्हाच ओलांडली होती. अकरा वर्षांत जमा केलेलं एका सहीत गेलं.

म्हणून नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगा: पॉलिसी हीच राहणार, फक्त सेवा तुमची. त्यानंतर त्याचा चेहरा कसा होतो ते नीट बघा.

सांजवात
दीपस्तंभ, वाचून वाईट वाटलं. मी स्वतः एजंट आहे, सतरा वर्षं. आमच्या बाजूचंही सांगते.

नवी पॉलिसी विकली की पहिल्या वर्षी कमिशन जास्त मिळतं, नंतरच्या वर्षांत ते बरंच कमी होतं. दुसऱ्याने विकलेल्या आयुर्विम्याची सेवा घेतली तर बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. पत्ता बदला, वारसाचं नाव बदला, हरवलेल्या पॉलिसीची दुसरी प्रत काढा, हे सगळं बिनपैशाचं. म्हणून काही जण जुनी पॉलिसी मोडायला लावतात. हे चूक आहे, आणि जगात अनेक ठिकाणी नियमांनी मनाई असूनही होतं.

पण सगळे तसे नसतात. मी अशा चाळीसेक पॉलिसी सांभाळते. त्या घरांतली मुलं मोठी झाली की माझ्याकडेच येतात. एवढंच सांगेन की सेवा फुकट मिळते असं समजू नका. नव्या एजंटला मोकळेपणाने विचारा, "यात तुम्हाला काय मिळणार?" सरळ उत्तर देणारा माणूस सहसा सरळ असतो.

आणखी एक. ज्याला तुम्ही बोलावताय तो एजंट आहे की ब्रोकर? एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर ग्राहकाचा. एकाच कंपनीशी बांधलेल्या एजंटला दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आपल्या कोडवर घेता येत नाही. भिंगरी, तुझ्या तीन पॉलिसी तीन कंपन्यांच्या असतील तर तिन्ही त्याच्याकडे जातीलच असं नाही.

नवा_गडी
मध्येच विचारतो. माझा वाहन विम्याचा क्लेम चालू आहे, गाडी गॅरेजमध्ये. एजंट काहीच करत नाही. आत्ता बदलू का?

तळटीप
नवा_गडी, क्लेम मार्गी लागेपर्यंत थांबा. नुकसान पाहणारा सर्व्हेअर कंपनीने नेमलेला असतो, एजंट बदलल्याने तो बदलत नाही. उलट कोण पाठपुरावा करणार याचा घोळ होतो. क्लेम नंबर घेऊन थेट कंपनीच्या क्लेम विभागाशी लेखी बोला, प्रत्येक बोलण्याची तारीख टिपून ठेवा. उत्तर नाहीच आलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. एजंट रिन्यूअलला बदला.

पानगळ
अवांतर आहे, पण दीपस्तंभ यांच्या मूळ अर्जातल्या माहितीच्या मुद्द्यावरून आठवलं. विम्यात दोन्ही बाजूंनी परम सद्भाव पाळायचा, हे तत्त्व इंग्लंडमधल्या १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोएम या खटल्याने पक्कं केलं. सुमात्रा बेटावरचा मार्लबरो किल्ला शत्रूच्या हाती पडला तर, असा विमा तिथल्या गव्हर्नरने उतरवला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे मला सांगितलं नव्हतं. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितलं की ग्राहकाने आपल्याला ठाऊक असलेलं लपवू नये हे बरोबर, पण हे बंधन दोन्ही बाजूंना आहे. विमा देणाऱ्याला जे ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं त्याचं खापर ग्राहकावर फोडता येणार नाही. निकाल गव्हर्नरच्या बाजूने लागला.

हे इथे का लिहितोय? आपण एजंटला तोंडी सांगितलेलं कागदावर आलंय का, हे एजंट बदलतानाच तपासता येतं. "काकांना माहीत होतं की मला दमा आहे" हे काकांच्या डोक्यात राहिलं आणि काका गेले, तर पुढे ते सिद्ध कोण करणार?

सांजवात
पानगळ, हे अवांतर मुळीच नाही. मूळ प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागून घ्या, सगळ्यांनीच. आपल्या नावावर काय लिहून गेलंय हे बहुतेकांनी कधी वाचलेलंच नसतं.

वाटसरू
एका ओळीत उत्तर देऊन गेलो होतो, परत येऊन बघतो तर धाग्याचा ग्रंथ झालाय. वाचनखूण साठवली.

भिंगरी
पाच आठवड्यांनी परत आलेय, तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं.

काकांकडे गेले. फोनवर बोलायचं नाही हे ठरवलंच होतं. दोनदा विषय काढायला गेले आणि दोनदा गिळला. शेवटी म्हटलं, "काका, मला रिन्यूअलची तारीख कळली नव्हती. मला भीती वाटली." बाकी काही बोलावंच लागलं नाही. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझी चूक झाली गं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाइलवरचं वाचता येत नाही. कुणाला सांगितलं नाही, वाटलं लोक सोडून जातील." मला रडू आलं.

मग त्यांनीच फाइल काढली. आरोग्य विम्याचं पत्र मी लिहून नेलं होतं, ते वाचून दाखवायला सांगितलं. पॉलिसी नंबरात एक आकडा चुकला होता, तो त्यांना पाठ होता! आयुर्विम्याबद्दल म्हणाले, "तो हलवू नकोस, नव्या माणसाला त्यात काही मिळायचं नाही आणि उगाच मोडायला सांगेल. फक्त तुझा नंबर घाल." म्हणजे दीपस्तंभ आणि सांजवात यांनी सांगितलं तेच, त्यांच्या तोंडून.

अर्ज एकदा परत आला. सही जुळत नव्हती. लग्नाआधी मी पूर्ण नाव लिहायचे, आता आद्याक्षरं आणि आडनाव. काकांकडे जुन्या फॉर्मची झेरॉक्स होती, ती समोर ठेवून जुनी सही गिरवायचा प्रयत्न केला, पण हात वळेना. शेवटी शाखेत ओळखपत्र घेऊन गेले, आधी सहीत बदल नोंदवला, मग एजंटचा अर्ज दिला. गेल्या मंगळवारी कंपनीचं लेखी उत्तर आलं. पॉलिसी नंबर तोच, वेटिंग पिरियडची तारीख तीच, बोनस तसाच. बदल पुढच्या रिन्यूअलपासून. हे सगळं आता माझ्या मोबाइलवर आलंय.

दीपस्तंभ
फार बरं वाटलं. काकांना नमस्कार सांगा.

रानपाखरू
आणि घराचा विमा? तो राहिला का?

भिंगरी
रानपाखरू, नव्या बाईंचं त्या कंपनीशी काम नाही, सांजवात म्हणाली होती तसंच. तो काकांकडेच आहे. बंद लँडलाइन काढून माझा नंबर घातला, आणि रिन्यूअलच्या महिनाभर आधी मीच काकांना फोन करणार आहे.

कोरा_कागद
सही बदलल्याची नोंद आधी करावी लागते हे कुणीच लिहिलं नव्हतं. माझीही सही बदललीय. उद्या शाखेत जातो.